गोधडीचा गौरव आणि उतरणीचा विसर

१/ ‘शाश्वत फॅशन’ या शब्दांना सध्या मोठा मान आहे. त्यांच्याबरोबर एक ऐतिहासिक दावाही सर्रास केला जातो : पाश्चात्त्यांना आज जे सुचते आहे ते आपल्या पूर्वजांना केव्हाच ठाऊक होते; आपल्या आज्या जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवत, चिंधीसुद्धा वाया घालवीत नसत; सबब आपली संस्कृती मुळातच शाश्वत. हा दावा ऐकायला गोड आहे. इतिहास म्हणून मात्र तो टिकत नाही, आणि ज्यांच्या नावाने तो केला जातो त्यांच्यावरच तो अन्याय करतो.

२/ असे दावे पुण्या-मुंबईच्या दिवाणखान्यात बसून तपासता येत नाहीत. त्यासाठी ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड हे दोन तालुके पाहावेत. सह्याद्रीच्या पायथ्याचा हा मुलूख. भात, नागली, जंगल. कातकरी, ठाकूर, महादेव कोळी, कुणबी, आगरी. शहापूर तालुका संपूर्णपणे आणि मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो. येथे जुने कापड फेकले जात नसे, हे खरेच आहे. प्रश्न एवढाच, की का?

३/ आधी एक गैरसमज दूर करू. हा मुलूख जगापासून तुटलेला होता म्हणून येथे कापड पोहोचले नाही, असे मुळीच नाही. कल्याण बंदरातून जुन्नर-पैठणकडे जाणारी प्राचीन वाट मुरबाड तालुक्यातूनच नाणेघाट चढते. घाटमाथ्यावरच्या लेण्यातील सातवाहन राणी नागनिकेचा लेख प्रसिद्ध आहे. यज्ञांत दिलेल्या दक्षिणांची ती यादी : गायी, घोडे, हत्ती, कार्षापणे आणि वस्त्रे. सगळे आकड्यांनिशी. तो माल पाठीवर वाहून घाट चढवणाऱ्यांचा उल्लेख मात्र त्या भिंतीवर नाही. जवळच्या दगडी रांजणाला लोक जकातीचा रांजण म्हणतात.

४/ इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात कल्याणचे नाव आहे, आणि तगर म्हणजे आजच्या तेर येथून येणाऱ्या साध्या व तलम कापडाचाही उल्लेख आहे. तो माल मात्र भडोचला जाई. पुढे सहाव्या शतकातील कॉस्मास हा व्यापारी-लेखक खुद्द कल्याणहून निर्यात होणाऱ्या मालात कापड मोजतो. म्हणजे कापडाच्या जागतिक व्यापाराच्या एका मोठ्या बंदराला अगदी लागून हा प्रदेश शतकानुशतके होता.

५/ दुसरी वाट शहापूर तालुक्यातून थळघाट चढून नाशिकला जाते. तेथील पांडवलेण्यांत नहपानाचा जावई उषवदात याचा वर्ष ४२ चा लेख आहे, आणि ‘नैतिक वस्त्र’ या विषयावर बोलणाऱ्या प्रत्येकाने तो वाचायला हवा. त्याने लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंसाठी ३,००० कार्षापणे गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे कायमची ठेव म्हणून ठेवली. त्यांतील २,००० एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने. त्या व्याजातून २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापणे, चीवरासाठी.

६/ हिशेब करून पाहा. २,००० वर दरमहा शेकडा एक म्हणजे महिन्याला २०, वर्षाला २४०. वीस भिक्षू गुणिले बारा, बरोबर २४०. वस्त्राचा पैसा कोठून आला, कोणाकडे ठेवला, किती दराने आणि अंगावर घालणाऱ्याच्या वाट्याला किती आला, हे सगळे दगडावर, येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचता येईल असे. हा सुवर्णकाळ नव्हे. ते बारा टक्के अखेर विणकरांच्या मागावरूनच निघत होते, आणि एकेका विणकराला काय सुटत होते ते लेख सांगत नाही. तरीही आज ‘एथिकल’ अशी चिठ्ठी लावलेल्या कुडत्यावर यातला एकही आकडा सापडत नाही.

७/ आता एकोणिसाव्या शतकात येऊ. १८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत पहिली कापडगिरणी काढण्यासाठी कंपनी उभी केली. त्याच काळात लोहमार्ग कल्याणच्या पुढे सरकला आणि १८६१ च्या आरंभी कसाऱ्यापर्यंत, म्हणजे शहापूर तालुक्याच्या टोकापर्यंत, पोहोचला. १८९२ मध्ये शहापूर तालुक्यातील तानसा धरणाचे पाणी मुंबईकडे निघाले. गिरण्यांचे शहर, त्या शहराचा कापूस वाहणारी रेल्वे आणि त्याच शहराची तहान भागवणारे पाणी. तिन्ही गोष्टी या एका तालुक्याला स्पर्श करून जातात.

८/ आणि अंगावर काय? पुरुषाच्या कमरेला लंगोटी, जमल्यास डोक्याला फडके. बाईला गुडघ्यापर्यंत खोचलेले आखूड लुगडे. ते आखूड का, तर काम चिखलात असते म्हणून आणि लांब लुगड्याला दाम जास्त पडतो म्हणूनही. पावसात बांबूच्या कामट्यांचे आणि पळसाच्या पानांचे इरले. थंडीला शेकोटी. असल्यास घोंगडी.

९/ अशा घरात लुगड्याचे आयुष्य कसे जाई, ते कौतुकाने सांगितले जाते : नेसून विरले की त्याचे दोन तुकडे जोडून पुन्हा नेसायचे, मग बाळाचे दुपटे, मग थरांवर थर घालून धावदोऱ्याने शिवलेली गोधडी, आणि तीही फाटली की जमीन सारवायचे पोतेरे. साखळी खरी आहे, तिच्यातले कौशल्यही खरे आहे. गोधडी ही देखणी वस्तू आहे याविषयी वाद नाही. पण या साखळीच्या पहिल्या कडीबद्दल कोणी विचारीत नाही. ते पहिले लुगडे आले कोठून?

१०/ पुष्कळदा ते कर्जातून आले. ठाणे जिल्ह्याच्या आदिवासी भागात ‘लग्नगडी’ नावाची पद्धत होती. लग्नाच्या खर्चासाठी, म्हणजे धान्य, ताडी आणि वधूवरांचे कपडे यांसाठी, जमीनदाराकडून थोडी रक्कम उचलायची आणि ती फिटेपर्यंत नवरा-बायको दोघांनी त्याच्याकडे राबायचे. व्याज आणि हिशेबाची वही जमीनदाराची. त्यामुळे ‘फिटेपर्यंत’ या शब्दाचा अर्थ पुष्कळांच्या बाबतीत ‘मरेपर्यंत’ असा झाला.

११/ १९३० च्या दशकाच्या अखेरीस मुंबई सरकारने सिमिंग्टन या अधिकाऱ्याकडून आदिवासी भागांची पाहणी करविली. शहापूर तालुका त्या ‘अंशतः वगळलेल्या’ क्षेत्रांत होता. या जिल्ह्यातील वेठीचे चित्र त्याच्या अहवालात सरकारी भाषेत नोंदलेले आहे. पुढे जानेवारी १९४५ मध्ये याच दोन तालुक्यांच्या शेजारी, टिटवाळ्याला, किसान सभेचे अधिवेशन भरले आणि त्यानंतर डहाणू-उंबरगावकडे वारल्यांचा लढा पेटला. लग्नगडी आणि वेठ मोडून काढणे ही त्या लढ्याची पहिली मोठी कमाई होती. गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ ज्यांनी वाचले नसेल त्यांनी ‘पूर्वजांची शाश्वत जीवनशैली’ हा शब्दप्रयोग तोवर बाजूला ठेवावा.

१२/ ज्या लुगड्यासाठी दोन माणसांची उमेद गहाण पडली, ते लुगडे कोणी सहजासहजी फेकून कसे देईल? ते जपले, शिवले, पुन्हा शिवले. या जपणुकीला पर्यावरणाची जाण म्हणणे म्हणजे उपाशी माणसाच्या रिकाम्या ताटाला मिताहार म्हणणे.

१३/ यापुढचा भाग अधिक अवघड आहे, कारण तो जातीचा आहे. ‘प्रीलव्ह्ड’, ‘थ्रिफ्ट’, ‘सेकंडहँड’ या नव्या शब्दांना मराठीत एक जुना शब्द आहे : उतरण. दुसऱ्याने वापरून उतरवलेले. आज एखादी महाविद्यालयीन तरुणी असा सदरा हौसेने विकत घेते, चांगले करते. पण या देशात वापरलेले कापड अंगावर घालणे ही बहुतेक काळ निवड नव्हती, आज्ञा होती.

१४/ मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांची वस्त्रे कोणती, ते लिहून ठेवले आहे : मृतांच्या अंगावरची. हे केवळ पोथीत राहिले नाही. महाराष्ट्राच्या गावगाड्यात मढ्यावरचे कापड हा महारांचा ‘हक्क’ मानला जाई. ‘हक्क’ या शब्दाची इतकी क्रूर थट्टा दुसरीकडे क्वचितच झाली असेल.

१५/ म्हणूनच डिसेंबर १९२७ मध्ये महाडला, मनुस्मृतीच्या दहनानंतर, डॉ. आंबेडकर स्त्रियांशी बोलले तेव्हा विषय कपड्यांचा होता. लुगडे नेसण्याच्या ज्या पद्धतीवरून जात ओळखू येते ती सोडा, वरिष्ठ जातींच्या स्त्रिया नेसतात तसे नेसा, गळ्या-हातांतले ते जड दागिने टाका, असे त्यांचे सांगणे होते. ‘परंपरागत वेश जपा’ या आजच्या फॅशन-उपदेशाच्या हे नेमके उलट आहे. परंपरागत वेश जपण्याची चैन त्यालाच परवडते ज्याच्या वेशावर अपमान लिहिलेला नसतो.

१६/ साधेपणाचेही दोन प्रकार असतात. १८८८ साली पुण्यात हरि रावजी चिपळूणकर यांनी ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ मेजवानी दिली, तेव्हा जोतीराव फुले शेतकऱ्याच्या वेशात गेले. दागिन्यांनी मढलेल्या त्या मंडळींना पाहून हा देश असाच आहे असे राजपुत्राने समजू नये, हा हेतू. तेथे फाटका वेश हा आरोप होता. आजच्या छायाचित्रांत तोच वेश ‘अर्दी’ आणि ‘रॉ’ होऊन येतो, आरोप मात्र गळून पडतो.

१७/ कोणी म्हणेल, हे सगळे उकरून काढण्याची गरज काय? फॅशन उद्योग नद्या नासवतो, कामगार मारतो. त्याविरुद्ध लोक बोलत आहेत, तर बोलू द्यावे. हा आक्षेप गंभीर आहे. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ राणा प्लाझा ही इमारत कोसळून अकराशेहून अधिक कामगार मेले; नैतिक फॅशनची आजची लाट पुष्कळशी त्या ढिगाऱ्यातून उठली आहे. चळवळीचा शत्रू योग्यच आहे. पण वस्त्राच्या नैतिकतेची चळवळ या देशात पहिल्यांदा होत नाही. आधीच्या चळवळी नेमक्या कोठे अडखळल्या, हे माहीत नसले की तीच ठेच पुन्हा लागते.

१८/ ‘सार्वजनिक काका’ गणेश वासुदेव जोशी यांनी १८७२ मध्ये स्वदेशी वस्त्राचे व्रत घेतले आणि १८७७ च्या दिल्ली दरबारात ते हातच्या सुताची खादी घालून गेले. व्रत थोर होते. ते पाळणारा माणूस मात्र कापड निवडू शकत होता.

१९/ ३१ जुलै १९२१. मुंबईत परळच्या एल्फिन्स्टन मिलच्या आवारात विलायती कपड्यांची प्रचंड होळी झाली. रवींद्रनाथ ठाकूर आणि चार्ल्स अँड्र्यूज या गांधींच्या दोन स्नेह्यांनीच त्यावर हरकत घेतली. ठाकुरांचा मुद्दा असा, की जे कापड जाळले जाते आहे त्यावर खरा अधिकार उघड्यांचा आहे. गांधींनी ऑक्टोबर १९२१ च्या ‘यंग इंडिया’त त्यांना उत्तर दिले, ते तेजस्वी उत्तर आहे आणि आवर्जून वाचावे. पण होळीच्या ठिकाणापासून रेल्वेने काही तासांच्या अंतरावर, शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर, पावसाळ्याच्या त्या दिवसांत लोक लंगोटीवर भाताची लावणी करीत होते. ठाकुरांचा प्रश्न त्यांनी विचारला नव्हता, पण तो त्यांचाच होता.

२०/ दोनच महिन्यांनी, २२ सप्टेंबर १९२१ रोजी, गांधींनी मदुराईत पंचा धारण केला. खादी महाग आहे, परवडत नाही, असे गरीब सांगत. त्यांना गांधींचे म्हणणे होते की पुरेशी खादी मिळेपर्यंत लंगोटीवर भागवा, आणि ते सांगण्याचा अधिकार मिळावा म्हणून त्यांनी स्वतःच तो वेश घेतला. या कृतीतील प्रामाणिकपणावर संशय घेण्याचे कारण नाही. तरीही बॅरिस्टराची लंगोटी आणि कातकऱ्याची लंगोटी एका मापाची नाही. एकाने कपडे उतरवले होते. दुसऱ्याला ते कधी चढवायलाच मिळाले नव्हते.

२१/ आणि मग युद्ध आले. १९४३ साली सरकारला कापड आणि सूत यांवर नियंत्रणाचा हुकूम काढावा लागला, इतके कापड बाजारातून नाहीसे झाले होते. गिरण्या लष्करासाठी अहोरात्र चालत होत्या, मालकांचे नफे वाढत होते, आणि परवान्याच्या रांगेत उभे राहण्याइतका वेळ किंवा ओळख ज्यांच्याकडे नव्हती ते चिंध्यांवर होते. आपल्या ‘शून्य कचरा’ परंपरेचा हा कळस म्हणायचा काय?

२२/ तथापि त्याच खादीच्या इतिहासात एक पान असे आहे जे आजच्या प्रत्येक ‘सस्टेनेबल’ दुकानात भिंतीवर लावायला हवे. आणि नेमके तेच कोणी सांगत नाही. अखिल भारतीय चरखा संघ १९२५ मध्ये स्थापन झाला. दहा वर्षे खादीचा सगळा भर स्वस्ताईवर होता : खादी विकली जावी, म्हणून किंमत कमी, म्हणून सूत कातणाऱ्या बाईची मजुरी कमी. ती बाई अर्धपोटी आणि तिचे सूत राष्ट्राचे पवित्र वस्त्र.

२३/ १९३५ मध्ये गांधींनी हे उलटे केले. कातणाऱ्यांना जगण्यापुरती किमान मजुरी मिळालीच पाहिजे, मग खादी महाग झाली तरी चालेल, असा ठराव चरखा संघाला करायला लावला. कार्यकर्त्यांत कुरबुर झाली, विक्री घटेल अशी भीती व्यक्त झाली. तरी ठराव झाला. वस्त्र नैतिक ठरते ते त्याच्या धाग्यामुळे किंवा रंगामुळे नव्हे, तर ते करणाऱ्याच्या हातात पडलेल्या पैशामुळे, हे त्या चळवळीला कळायला एक तप जावे लागले. आजच्या चळवळीने ते पहिल्याच दिवशी ठाऊक असल्यासारखे वागावे, एवढी अपेक्षा अवास्तव नाही.

२४/ आज काय दिसते? शाश्वत फॅशनच्या प्रचारात एका सुती टी-शर्टामागे सुमारे २,७०० लिटर पाणी लागते हा आकडा सर्वत्र फिरतो. तो मुख्यतः कापूस पिकवण्याच्या पाण्याचा अंदाज आहे. मुंबईत हा आकडा वाचून हळहळणाऱ्याच्या नळाला तानसा, मोडकसागर, भातसा यांचे पाणी येते, आणि ही धरणे ज्या शहापूर तालुक्यात आहेत तेथील पाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते. पाण्याचा ठसा मोजायचा तर तो डोक्यावरच्या हंड्यापासून मोजावा लागेल.

२५/ खाली उतरा. शहापूरची भातसा आणि मुरबाडची काळू, दोन्ही अखेर उल्हास नदीला मिळतात. त्याच खोऱ्यात उल्हासनगरच्या जीन्स धुलाईच्या कारखान्यांनी वालधुनी नदी वर्षानुवर्षे रंगवली. न्यायालयांपर्यंत प्रकरण गेले, कारखान्यांवर कारवाई झाली. त्यात पोट गमावलेल्या धुलाई-कामगाराचे पुढे काय झाले, ही बातमी मात्र फॅशनच्या पानावर आली नाही. स्वस्त जीन्स वापरणाऱ्यांनी त्या नदीचे देणे कधी दिले नव्हते. ते आधी नदीने दिले आणि मग त्या कामगाराने.

२६/ इरल्याचेही असेच. पळसाच्या पानांचे इरले आता प्रदर्शनात टांगलेले दिसते आणि त्याखाली ‘निसर्गस्नेही पर्जन्यवस्त्र’ अशी पाटी असते. मुरबाडच्या लावणीत आता प्लास्टिकचा कागद दिसतो. त्यावर नाके मुरडणाऱ्यांनी एकदा भिजून जड झालेले इरले पाठीवर घेऊन दिवसभर वाकून रोपे लावावीत. मग संस्कृतीच्या ऱ्हासावर सविस्तर बोलता येईल.

२७/ आणि गोधडी. ती आता शहरात ‘अपसायकल्ड क्विल्ट’ म्हणून विकली जाते, हातशिलाईची म्हणून दामही चांगला येतो. वारली चित्रांच्या आकृत्या साड्यांवर आणि पिशव्यांवर येऊन बराच काळ झाला. त्या चित्रकलेला भौगोलिक निर्देशांकही मिळालेला आहे. यात गैर काही नाही. गावातल्या बाईच्या कौशल्याला बाजार मिळणे ही चांगलीच गोष्ट आहे, आणि जुने कापड कचऱ्याच्या डोंगरावर जाण्यापेक्षा तिच्या सुईखाली येणे केव्हाही बरे.

२८/ फक्त त्या गोधडीबरोबर जी छापील चिठ्ठी येते ती वाचा. तीवर आजीचा उल्लेख असतो, परंपरेचा असतो, पृथ्वीचा असतो. एक गोधडी शिवायला किती दिवस लागले, शिवणाऱ्या बाईला त्या दिवसांचे किती रुपये मिळाले, आणि ती रक्कम सरकारने ठरवलेल्या किमान वेतनाच्या वर आहे की खाली, हे नसते. कापड कोणाकडून आणि काय भावाने गोळा केले, हेही नसते. घरोघर हिंडून भांड्यांच्या बदल्यात जुने कपडे घेणारी बोहारीण या सगळ्या कथेतून साफ गायब असते, वास्तविक पुनर्वापराचा धंदा पिढ्यान्पिढ्या तिच्याच डोक्यावरच्या बोचक्यातून चालला.

२९/ चार आकडे छापणे अशक्य नाही. नाशिकच्या लेण्यात ते छिन्नीने कोरले होते.